आजी ‘बरंय’ म्हणते तेव्हा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

चाळीच्या ओल्या जिन्यावर नाहीतर मोरीत घसरून खुबा मोडलेली आजी ऑपरेशननंतर वॉर्डात येते. राउंडला सिस्टर विचारतात, ‘आजी, दुखतंय का?’ आजी म्हणते, ‘नाही गं बाई, बरंय.’ केसपेपरवर वेदनाशामक ‘एसओएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे मागितलं तरच द्यायचं. आजी मागत नाही. आमची तक्रार या तीन अक्षरांबद्दल आहे.

निपचित पडल्यावर खुबा फारसा दुखत नाही. कूस बदलताना मात्र जीव जातो. म्हणून नोंद दोनदा हवी, पडून असताना आणि हालचाल करताना. पोटाच्या ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायला आणि खोकायला सांगून विचारावं. दुखतं म्हणून म्हातारा माणूस खोकत नाही, वरवर श्वास घेतो, कफ साठतो आणि पुढे न्यूमोनियाची भीती.

विचारण्याआधी एक साधी गोष्ट: चष्मा, कवळी, कानाचं मशीन ऑपरेशनआधी काढून नातेवाइकांच्या पिशवीत जातं आणि तिथेच राहतं. ते आधी चढवा. मग ‘दुखतंय का’वर थांबू नका, ठणकतंय, सलतंय, कळ येते, जळजळतंय, असे शब्द पुढे ठेवा. ‘दुखत नाही, नुसतं ठणकतंय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

दुखणं शून्य ते 10 आकड्यांत सांगणं सगळ्यांना जमत नाही. कागदावरच्या रेघेवर खूण करायची पट्टी तर या वयात फसतेच. त्यापेक्षा पाच शब्द बरे: नाही, थोडं, मध्यम, खूप, असह्य. जुन्या माणसांना ‘रुपयात किती आणे?’ हेही पटकन कळतं, पण ‘दुखणं किती’ की ‘आराम किती’ हे स्पष्ट करा. एकाच ‘बारा आण्यां’चे दोन उलटे अर्थ चार्टवर चढले, तर डोस चुकतो. शिवाय मुंबईच्या वॉर्डात एका रांगेत मराठी, गुजराती, उर्दू, भोजपुरी बोलणारे पेशंट असतात. शब्दांचं कार्ड त्या त्या भाषेत हवं.

स्मृतिभ्रंशामुळे सांगताच येत नसेल, तर ‘पेनॅड’ मोजपट्टी आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण. पाच मिनिटं नुसतं बघायचं. हे गुण अस्वस्थता सांगतात, कारण नाही. तुंबलेली लघवी, आवळलेलं बँडेज, सुजलेली सलाईनची जागा आधी तपासावी. आणि गप्प पडलेल्या पेशंटला ‘शांत’ म्हणून सोडू नये. ऑपरेशननंतरचा भ्रम बडबडीसारखाच सुस्तीनेही येतो, आणि न शमवलेलं दुखणं हे त्याचं एक कारण. ‘नेहमी असेच असतात का?’ हे घरच्यांनाच विचारावं लागतं. निदान तेवढ्यापुरतं त्यांना वॉर्डाबाहेर काढू नये.

औषधाचं म्हणाल, तर पॅरासिटामॉल पहिले दोन दिवस वेळेवर द्यावं, मागण्याची वाट बघू नये: 1 ग्रॅम, सहा तासांनी, वजन 50 किलोच्या आत असेल तर किलोला 15 मिलिग्रॅम, लिव्हरचा त्रास असल्यास आणखी कमी. सूज कमी करणाऱ्या गोळ्या या वयात किडनीला आणि जठराला महाग पडतात. ट्रॅमाडॉल निर्धोक समजून सर्रास लिहिलं जातं. म्हाताऱ्यांत त्याने भ्रम होतो, सोडियम उतरतं. खुब्यासाठी भूलतज्ज्ञाने दिलेला नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, मॉर्फिनची गरज कमी करतो.

फक्त आकड्यामागे लागू नये, हेही आम्ही मानतो. वेदनेला ताप, नाडी, श्वास, रक्तदाबाच्या जोडीचं ‘पाचवं लक्षण’ मानणं थांबवावं, अशी भूमिका अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 साली घेतली, कारण तिथे आकडा उतरवण्यासाठी ओपिऑइडचा, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांचा, भडिमार झाला होता. म्हणून वेदनेच्या रकान्याशेजारी गुंगी आणि श्वासाची गती लिहायला जागा हवी. मॉर्फिनचा डोस तरुणापेक्षा निम्म्यापासून सुरू करावा.

आमची मागणी टीपीआर चार्टपुरती, म्हणजे ताप, नाडी, श्वास नोंदवायच्या तक्त्यापुरती आहे. त्यावर चार रकाने छापून घ्या: पडून, हालचालीत, गुंगी, आणि फेरतपासणीची वेळ. शिरेतून दिल्यावर अर्ध्या तासाने, गोळीनंतर तासाने पुन्हा विचारलं का, हे त्या चौथ्या रकान्यात दिसेल. आज बहुधा औषध दिल्याची सही सापडते, उतार पडला का ते सापडत नाही. साठीच्या पुढच्या पेशंटला पहिले 48 तास वेदनाशामक केवळ एसओएस लिहू नये, असं परिपत्रकही काढावं. रात्रपाळीत एका सिस्टरकडे किती खाटा असतात, ते आपल्याला ठाऊक आहेच. रकाने भरायला हातही लागतील.

आपले,
शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डांत काम करणारे काही भूलतज्ज्ञ आणि परिचारिका, मुंबई