ट्यूशन लावली म्हणजे मूल शिकलं असं नसतं हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालाचे दिवस आले की पेपरात टॉपर मुलांचे फोटो येतात आणि त्याच्याच शेजारी क्लासच्या जाहिराती, आणि हल्ली प्रत्येक जाहिरातीत 'पर्सनल अटेन्शन' हे असतंच. आमच्या इंदूरात तर भंवरकुआंला मान वर केली की कोचिंगचे बोर्डच बोर्ड. त्यावर मला काही म्हणायचं नाहीये, ज्यांना तिथे शिकून पुढे जाता येतं त्यांनी जावं. मला लिहायचंय ते ज्या मुलांना साधा धडा वाचताना घाम फुटतो त्यांच्याबद्दल, कारण त्यांचे आईवडील पण हेच पर्सनल अटेन्शन विकत घेतात आणि त्यांच्या हातात काही म्हणजे काही पडत नाही.

मी सुदामा नगरला राहते, घरीच शिकवते, एका वेळी एकच मूल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना डॉक्टर लोक स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात, शॉर्टमध्ये एसएलडी, कुणाला वाचण्याची अडचण, कुणाला लिहिण्याची, कुणाला आकड्यांची, आणि घरचे म्हणतात "हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही". पहिल्या दिवशी प्रत्येक आईचा प्रश्न ठरलेला, "काकू, शाळेचा कोर्स पूर्ण कराल ना?" मी नाही म्हणते. तिथेच अर्धे लोक परत जातात.

आता एक मुलगा सांगते, नाव नाही सांगत. सहावीत. सकाळी शाळा, दुपारी सोसायटीतल्या मॅडमची ट्यूशन, संध्याकाळी मॅथ्स-सायन्सची वेगळी, म्हणजे दिवसभर शिक्षणच शिक्षण, आणि तिन्ही ठिकाणी काय तर फळ्यावरचं नाहीतर गाइडमधलं उत्तर कॉपीत, म्हणजे वहीत, उतरवायचं आणि पाठ करायचं. कॉपी बघाल तर सुंदर, सगळीकडे टिकमार्क. पण त्याला हिंदीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला दिला तर तिसऱ्या ओळीपासून अंदाज, पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचा शब्द मनानेच ठोकून द्यायचा. आणि तोंडी विचाराल तर धरणं, पाऊस, नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत कसं येतं, सगळं व्यवस्थित सांगतो! डोकं आहे. गाडी अडते ती अक्षर आणि आवाज यांच्यामध्ये, आणि त्या जागेवर तिन्ही ट्यूशनवाल्यांपैकी कुणाचाच हात पोचलेला नाही.

ती जागा कशी असते ते जरा नीट सांगते, कारण लोकांना वाटतं डिस्लेक्सिया, म्हणजे ही वाचण्याची अडचण, असली की अक्षरं उलटी दिसतात, तसं नसतं, डोळे ठीक असतात. 'किताब' शब्द घ्या. कानाला आधी क ऐकू येतो आणि मग इ, पण कागदावर ती वेलांटी क च्या आधी काढायची, शाळेत हिंदीत छोटी इ की मात्रा म्हणतात ती. आपण कधी विचारही करत नाही. या मुलाने आवाजाच्या क्रमाने लिहिलं, आधी क, मग वेलांटी, आणि ती वेलांटी जाऊन बसली पुढच्या त च्या डोक्यावर. लाल गोल. "10 बार लिखो." त्याने 10 वेळा लिहिलं, 10 ही वेळा तसंच, म्हणजे चुकीचाच सराव पक्का झाला. यात मुलाचं काय चुकलं सांगा, तो तर कानाशी इमानदार राहिला!

मी अशा वेळी पुस्तक मिटून ठेवते. आधी नुसते कान. "'गाजर' म्हण. आता 'गा' काढून टाक. काय राहिलं?" मोठ्या माणसाला हसू येईल पण काही मुलांना हे आठवडेच्या आठवडे जमत नाही आणि ते जमल्याशिवाय पुढे वाचनाचं नाव काढण्यात अर्थ नसतो. मग जाड कार्डावर व्यंजन आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर मात्रा, पट्टी सरकवायची, सरकवताना मोठ्याने म्हणायचं, क-इ-कि. मग ताटात रवा पसरून बोटाने लिहायचं, लिहिताना पण तोंड चालू पाहिजे. आज कि, मि, ति एवढंच. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि मूल न अडखळता, न विचार करता वाचायला लागेपर्यंत पुढची मात्रा नाही. अर्धा पाऊण तासात मूल थकतं, मी पण थकते. हे 20 मुलांच्या बॅचमध्ये करून दाखवा, मी त्या सरांना हार घालीन.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका, यांच्या कामातून 1930 च्या आसपास ही पद्धत उभी राहिली, डोळे, कान, हात सगळे एकदम वापरायचे आणि पायरी पायरीने जायचं. त्यांनी ती इंग्रजीसाठी केली, देवनागरीसाठी आपल्याला जुळवून घ्यावी लागते, पण आपल्याकडे एक फायदा असा आहे की आपली वर्णमाला मुळात तोंडातल्या जागेप्रमाणेच लावलेली आहे. त आणि ट मध्ये गोंधळणाऱ्या मुलाच्या हातात मी छोटा आरसा देते, जीभ दाताला लागली की वर टाळ्याकडे गेली बघ म्हणते, आणि त्याला ते स्वतःचं स्वतः सापडतं. (ळ चं मात्र विचारू नका, इंदूरच्या आमच्या निम्म्या मुलांना तो हिंदीमुळे येतच नाही, एसएलडी असो नसो.)

आकड्यांचं तर अजूनच. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ला 'वीस एक' असंही वाचता येईल असं छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, विधानसभेत सुद्धा गाजला, गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंना किती ऐकून घ्यावं लागलं. आम्ही इकडे लांबून बघत होतो. सगळ्या महाराष्ट्राने कसं मोजावं हा वाद तुमचा तुम्हाला लखलाभ, पण त्या बाई जे सांगत होत्या ते मी माझ्या टेबलावर रोज बघते. 'सत्तावीस' म्हटलं की कानावर आधी सात येतो, लिहायचा मात्र आधी दोन. एका मुलीने 27 च्या जागी 72 लिहिलं तर ती वेंधळी नाहीये, तिने ऐकलं तसं लिहिलं. आणि 'एकोणतीस' म्हणताना तर तोंडाने तीस म्हणायचं आणि लिहायचं 2 आणि 9! त्यात आजी म्हणते बे दुणे चार, शाळा म्हणते टू टूज आर फोर, शेजारची ट्यूशन म्हणते दो दूनी चार. या मुलीला मी काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायला लावते, दोन जुड्या आणि सात सुट्या, वीस आणि सात, आणि महिनाभर तिच्यापुरतं 'वीस सात' च चालू ठेवते. तिचा भाऊ, त्याला असलं काही लागत नाही, तो सत्तावीस म्हणतो आणि पटकन लिहून मोकळा होतो. एकाच घरातली दोन मुलं. एकेकट्याला शिकवायचं ते याच्यासाठी, कुणाचं काय अडलंय ते बघायला, नाहीतर पर्सनल अटेन्शनचा अर्थ एवढाच उरतो की मोठ्या वर्गातली तीच बडबड आता एका मुलाला जवळून ऐकावी लागते.

आता कायद्याचं. कागदावर आपण फार पुढे आहोत. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एसएलडी आलं, त्याच्या आधीच्या 1995 च्या कायद्यात ते नव्हतंच. 2016 च्या कायद्यात स्पष्ट आहे की शाळांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची आणि योग्य त्या पद्धतीने शिकवायचं. 2018 च्या केंद्राच्या गाइडलाइनमध्ये तिसरीत किंवा 8 व्या वर्षी शिक्षकांनीच स्क्रीनिंग करायचं असं लिहिलं होतं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विशेष गरज असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला 10 मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलेला शिक्षक, हवा. तुमच्या मुलाच्या शाळेत जाऊन विचारून बघा कोण आहे ते. बहुतेक ठिकाणी काउन्सेलर मॅडमकडे बोट दाखवतील, आणि त्या बिचाऱ्या ॲन्युअल फंक्शनचं अँकरिंग करत असतात.

मग आईवडील सर्टिफिकेटच्या मागे लागतात. ते काढावंच, मी नेहमी सांगते, सीबीएसईत 3 तासांच्या पेपरला 1 तास जास्त मिळतो, लेखनिक मिळतो, तिसऱ्या भाषेतून सूट मिळते, हे सगळं मुलाच्या हक्काचं आहे. पण सर्टिफिकेट हातात आलं की घर एकदम निवांत होतं, झालं, आता काळजी नाही! ज्याला वाचता येत नाही त्याला 1 तास जास्त देऊन काय होणार, तो 1 तास जास्त घाम गाळणार. सवलत परीक्षेच्या दिवसासाठी असते आणि शिकवणं वर्षाच्या बाकीच्या दिवसांसाठी. दुसरं म्हणजे 8 वर्षांच्या आधी सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून कित्येक लोक पहिली-दुसरीची वर्षं नुसती वाट बघण्यात घालवतात. अहो, रव्यात बोट फिरवायला कुठलं सर्टिफिकेट लागतं?

बाकी स्मरणशक्तीची सिरपं, डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे क्लास, नंबर नसलेले चष्मे, यावर मी जास्त लिहीत नाही. पैसे वाया जातात ते जातातच, पण मुलाचं वय पण जातं.

एक गोष्ट मात्र आपल्या इकडच्या मराठी घरांना मुद्दाम सांगायची आहे. मुलाला वाचायला त्रास आहे म्हटलं की कोणीतरी सल्ला देतं, घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. घरात दोन-तीन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही. आणि बंद करून होतं काय, आजीशी बोलणं तुटतं, गोष्टी ऐकणं तुटतं, म्हणजे ज्या एका गोष्टीत मूल पुढे होतं, ऐकून समजून घेण्यात, नेमकी तीच काढून घेतली. शाळेत लिहायची भाषा कमी करा, बोलायची नको.

आता पैशाचं. एकेकट्याला शिकवणं महाग पडतं हे मला मान्य आहे, मी पण फी घेते, आणि रिक्षावाल्याच्या किंवा मेसवाल्या ताईंच्या मुलाला ते परवडत नाही आणि अडचण तर त्यांच्याही मुलांना तेवढीच असते. मला सुचतं ते असं. इंदूरात रिटायर्ड मराठी शिक्षकांची, बँकवाल्यांची काही कमी नाही, सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलं की सगळे भेटतात, तब्येती ठणठणीत, वेळ भरपूर. निदान करणं त्यांचं काम नाही, ते सायकॉलॉजिस्ट आणि मेडिकल बोर्डचं. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे अशा शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रजिस्टर असलेला एखादा स्पेशल एज्युकेटर मुलाचा प्लॅन करून देईल, दर महिन्याला येऊन तपासेल, आणि रोजचा अर्धा तास सराव हे लोक घेतील, एकाला एक. कार्डं, रवा, काड्या, याला खर्च काय येतो. आपल्या मराठी संस्थांकडे हॉल आहेत, ते दुपारी बंदच असतात. एकच अट, येणाऱ्या काका-काकूंनी "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य घरी ठेवून यायचं.

दोन संस्थांशी माझं तोंडी बोलणं झालंय, एकीने हॉल देतो म्हटलंय पण कमिटीची मीटिंग व्हायचीये, दुसरीने "बघू" म्हटलंय. हे पत्र तुम्ही छापलंत तर कात्रण घेऊन मी त्या दुसऱ्यांकडे परत जाणार आहे.

आपली वाचक,
एक शिक्षिका, सुदामा नगर, इंदूर