दादाच्या टाचेकडे बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव या पत्रात कुठेच येणार नाही, तशी अट तुम्हीच घातलीत. तरी पत्र उघडं लिहिते आहे. यातल्या निम्म्या गोष्टी आमच्या घरापुरत्या नाहीत, आणि गोव्यातल्या डिचोली-सत्तरीतल्या ज्या घरांत कर्ते पुरुष पन्नाशीच्या आत जातात त्या घरांनी त्या वाचाव्यात असं मला वाटतं.

पहिले आभार टाचेचे. दादाला अटॅक आला तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, स्टेंट बसला, तो चालत घरी आला. काटकुळा माणूस, दारू नाही, विडी नाही, पोट नाही. त्यामुळे कारण शोधायला सगळा वाडा मोकळा होता. कुणी टेन्शन म्हणालं, कुणी नजर. आईच्या मनात गावची राखण करणाऱ्या देवचाराची सीमा ओलांडल्याचं होतं, कारण बाबाही ४४व्या वर्षी कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, परत येताना छातीत कळ येऊन गेले होते आणि आजोबांचंही तसंच झालं होतं.

तुम्ही दादाला चपला काढायला लावल्यात आणि टाचेच्या वरची शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी) दोन बोटांत धरून पाहिलीत. ती जाड होती, गाठाळ. चपलेनं घासून झालंय, असं तो कित्येक वर्षं सांगायचा. मग तुम्ही त्याच्या डोळ्यांत पाहिलंत. बुबुळाभोवती राखाडी कडं होतं, जे त्या वयात असायला नको. मग जुने रिपोर्ट मागितलेत. कंपनीच्या तपासणीतला एक सापडला: एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २६८. तो रिपोर्ट हातात देताना त्याला ‘तेलकट कमी खा’ एवढंच सांगितलं गेलं होतं. कुणी सांगितलं ते लिहून आता काय करायचं?

फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे जन्मापासून कोलेस्टेरॉल वाढवणारा घराण्यातून उतरणारा आजार, हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कार्ल म्युलर नावाच्या नॉर्वेतल्या डॉक्टरांनी शिरांवरच्या या गाठी, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि एकाच कुटुंबातले हृदयविकार यांची सांगड १९३८ साली घातली होती, हेही तुम्हीच सांगितलंत. १९३८! तेव्हा माझे आजोबा मुलगा होते.

आईला समजावताना तुम्ही फेरीबोटीचा जो दाखला दिलात त्याला तोड नाही. रायबंदरला चोडण बेटावर जाणाऱ्यांची रांग लागते, बोटीचा धक्का चालू असला की माणसं पार होतात. लिव्हरवर असे असंख्य धक्के असतात, रक्तातलं एलडीएल तिथं उतरतं आणि रस्ता मोकळा होतो. आमच्या घराण्यात त्यातले निम्मे धक्के जन्मापासून बंद. गर्दी रस्त्यावर साचते आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते. स्टॅटिनची गोळी लिव्हरला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू देत नाही, मग ते गरजेपोटी नवे धक्के बांधतं. हे धक्के शोधून काढणारे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन, त्यांना १९८५ सालचं नोबेल मिळालं. आणि गोळीचं मूळ अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला हजारो बुरशा चाळल्यावर १९७३ साली तांदळावरच्या एका बुरशीत सापडलं, हे ऐकून आई पहिल्यांदा हसली. तांदळाचं म्हटल्यावर तिचा विश्वास बसला असावा. देवचाराबद्दल तुम्ही एक अक्षर वावगं बोलला नाहीत. ‘त्याला नारळ द्या, आणि मुलांचं रक्तही तपासायला द्या,’ म्हणालात. त्या दिवसापासून आई येईल-जाईल त्याला सांगते, ‘दोतोरीण बरी आसा.’

खरं तर मला आभार मानायचे आहेत ते आकड्यांचे. मी पतसंस्थेत हिशेब बघते. ‘गोळी आयुष्यभर घ्या’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशावरून? हा प्रश्न मी आधीही एकदोन ठिकाणी विचारला होता. कपाळावरची आठी तेवढी बघायला मिळाली. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि कागद घेतलात.

त्या कागदावर १९९४ सालचा स्कँडिनेव्हियातला अभ्यास होता. हृदयविकार झालेले ४४४४ रुग्ण. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. साधारण साडेपाच वर्षांनी हिशेब मांडला: औषध नसलेल्या गोळीच्या बाजूचे २५६ जण गेलेले, औषधाच्या बाजूचे १८२. तोवर कोलेस्टेरॉल उतरवून माणूस खरंच जास्त जगतो का, यावर डॉक्टरांतही वाद होता. या अभ्यासानंतर तो बराच निवला.

दोन संख्यांमधला फरक ७४. मी तो कागदाच्या कडेला लिहिला, तशी तुम्ही २५६ वर बोट ठेवलंत आणि म्हणालात, ‘ही माणसं नसती तर आज तुमच्या भावाला मी काय सांगितलं असतं?’ मॅडम, तेव्हापासून ती माणसं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे, स्वीडनमधली, कधी मासे पकडणारी असतील, कधी आमच्यासारखी हिशेब लिहिणारी. आपल्या वाट्याला औषध येईल की नाही हे ठाऊक नसताना त्यांनी सही केली. त्यांना पत्र कुठं पाठवणार? म्हणून त्यांचेही आभार तुमच्याच पत्त्यावर पाठवते आहे.

दुसरी खेप पायदुखीची. स्टॅटिन सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि दादाच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. त्याच सुमारास व्हॉट्सअॅपवर ‘कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा’ असा लांबलचक संदेश फिरत होता. (तो आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर कसा आला, पांडुरंग जाणे.) दादानं परस्पर गोळ्या बंद केल्या. आता ओरडा बसणार म्हणून आम्ही तयारीनं आलो होतो. तुम्ही आधी स्नायूंची रक्ततपासणी करून घेतलीत, थायरॉईडही बघितलंत, ते ठीक निघाल्यावर लंडनचा २०२० सालचा अभ्यास सांगितलात. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली ६० माणसं. प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या: चार स्टॅटिनच्या, चार खोट्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. रोज किती त्रास झाला ते फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी, खोट्या गोळीच्या महिन्यांत जवळजवळ दुप्पट, आणि स्टॅटिनच्या महिन्यांत खोट्या गोळीइतकाच, जेमतेम वर. म्हणजे त्रास खरा, पण त्यातला बहुतेक गोळी घेतोय या धास्तीचा. स्वतःचेच आकडे समोर ठेवल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं.

‘तुझं दुखणं खोटं आहे’ असं तुम्ही दादाला म्हणाला असतात तर तो उठून गेला असता. तो हट्टी आहे. तुम्ही गोळी बदलून कमी डोसपासून वर चढवलीत आणि तो टिकला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. डोस वाढवूनही एलडीएल १२१ वर अडकलं तेव्हा दादा म्हणाला, दुप्पट घेतो. तुम्ही सांगितलंत की स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. त्यापेक्षा आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू न देणारं इझेटिमिब जोडलं तर वीसेक टक्के. हा हिशेब मला लगेच पटला, दादाला नंतर. आता तो ९४ वर आहे. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी ५५ च्या खाली जायचं, तिथं तो अजून पोचलेला नाही, हे तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. पुढची पायरी पीसीएसके९ नावाच्या जीनवरून बनलेल्या इंजेक्शनची. तिची किंमत ऐकून मी आमच्याच पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म आठवला. पण त्या औषधाची गोष्ट ऐकून बरं वाटलं: २००३ साली फ्रान्समधल्या आमच्यासारख्याच कुटुंबांच्या रक्तात हा जीन सापडला, आणि २०१५ साली इंजेक्शन बाजारात आलं. घराण्याचं दुखणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. खोबरेल तेलानं एलडीएल वाढतं हे चाचण्यांत दिसलंय, ते तुम्ही स्पष्ट सांगितलंत, पण हुमणातला (माशांच्या आमटीतला) नारळ बंद करा असंही म्हणाला नाहीत. कमी करा म्हणालात. नुसत्या पथ्यानं आमचे धक्के उघडणार नाहीत, हेही.

सगळ्यात अवघड काम भाचीचं होतं. आई-बाबांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. तुम्ही आमचं अख्खं घराणं कागदावर काढलंत, आत्या, चुलते, त्यांची मुलं, आणि नावांपुढे खुणा करत गेलात. आम्हा तीन भावंडांपैकी दादा आणि धाकटी यांना आहे, मला नाही. माझा रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा मला आनंदापेक्षा ओशाळल्यासारखं जास्त झालं, तेही तुमच्या लक्षात आलं होतं. दादाच्या मुलाला नाही, दहा वर्षांच्या मुलीला आहे: एलडीएल २०४.

वहिनी म्हणाली, एवढ्याशा पोरीला गोळी देणार नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. नेदरलँड्समधला २०१९ साली छापून आलेला अभ्यास सांगितलात. हाच आजार असलेल्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू केलं आणि वीस वर्षं त्यांचा माग ठेवला. मग त्यांची तुलना त्यांच्याच आजारी आई-बाबांशी केली, ज्यांच्या लहानपणी ही गोळी नव्हती. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत आई-बाबांपैकी २६ टक्क्यांना हृदयविकारानं गाठलं होतं, मुलांपैकी एका टक्क्याला. हृदयविकारानं दगावलेले आई-बाबा सात टक्के. मुलांत एकही नाही.

३९ हा आकडा ऐकल्यावर वहिनीनं दादाकडे बघितलं. बाकी काही बोलावं लागलं नाही. भाची आता रात्री जेवणानंतर छोट्या डोसची गोळी घेते आणि शाळेच्या कबड्डीत खेळते.

जगात साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला हा आजार असतो असं तुम्ही सांगितलंत. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती. मी भागाकार केला. तेच प्रमाण इथं धरलं तर पाच हजारांच्या आसपास माणसं होतात. म्हापसा, फोंडा, काणकोण, पेडणे, कुठंतरी ती आहेत आणि आपल्या टाचा चपलेनं घासल्या असं समजताहेत. कुणाच्या घरात पंचावन्नच्या आत पुरुषाला किंवा साठ-पासष्टच्या आत बाईला अटॅक आला असेल, तर घरातल्या बाकीच्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्यावं. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२४ साली दिलेल्या सूचनांत तर पहिली तपासणी १८व्या वर्षीच करा असं म्हटलंय, आणि घरात असा इतिहास असेल तर त्याआधीच.

तुमच्या कागदावरची दोन नावं अजून खुणेविना आहेत. मुंबईची आतेबहीण दिवाळीला येणार आहे, तिचं मी बघते. दुसरे केरीचे धाकटे काका. ते येत्या सोमवारी यायला कबूल झालेत, पण उपाशीपोटी राहणार नाही असं बजावून. पहिल्या तपासणीला उपाशी राहायची गरज नसते हे तुमचंच वाक्य मी त्यांना ऐकवलंय, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या. शिवाय ते तुमच्याशी खोबरेल तेलावरून भांडतील. कागद-पेन जवळ ठेवा.

आपली कृतज्ञ,
दादाची मधली बहीण
डिचोली तालुका, गोवा