मंदाच्या डब्यातल्या गोळ्या

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो, पण मंदा सतत आसपास असते आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून टाइप करत बसलोय. लांबलं तर शिव्या घाल. माझी तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे, पुढे.

तिच्या पाठीचं सुमीनं सांगितलंच असेल. अर्धी बादली उचलली आणि पाठीत कट्ट, एक्सरेत मणका दबलेला निघाला. पडली नाही, घसरली नाही, अर्धी बादली लेका! आता पट्टा लावून बसते आणि बसल्या जागेवरून मला ऑर्डरी सोडते, त्यामुळे ती काळजी नाही. स्वयंपाक हल्ली माझ्याकडे. परवा ती झोपली असताना तीळ शोधायला तिचा तो हाडांसाठीच्या घरगुती औषधांचा डबा उघडला, तर पुड्यांच्या खाली अलेन्ड्रोनेटच्या, म्हणजे हाडांची झीज थांबवायच्या गोळ्यांच्या पट्ट्या. एकही गोळी फोडलेली नाही. काकूही गोळ्या अशाच उशीच्या अभ्र्यात लपवायच्या, आठवलं ना? म्हणून तुलाच लिहितोय.

गेल्या वर्षी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी केली तेव्हा तिचा आकडा, टी-स्कोअर, उणे 2.8 आला होता, उणे 2.5 पासून खाली ऑस्टिओपोरोसिसच, म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी दिली, सकाळी अनशापोटी, साधं ग्लासभर पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. ही बाई दर रविवारी गॅलरीत ताठ बसायची रे, समोर ग्लास! मी कौतुकानं पेपर नेऊन द्यायचो. काय नाटक, राज्य नाट्य स्पर्धेत आपल्याला हिरॉईन मिळत नव्हती तेव्हा कुठे होती ही.

आणि भांडायचं कशावरून, डब्यातलं निम्मं तर खरंच चांगलं आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मान्य. पण पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 लागतं, एका भाकरीत दीड-पावणेदोनशे जातं, म्हणजे नुसत्या भाकरीवर सात-आठ व्हायला हव्यात आणि ही खाते एक. तिळाचे आकडे कागदावर भारी, पण सालातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं बरंचसं अंगी लागतच नाही. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ती लाडू करते, डिंकाचे वेगळे, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही, कारण निम्मे मीच खातो. प्रवाळ पिष्टी, ती पोवळ्याची पूड, म्हणजे शेवटी कॅल्शियमच. पण नुसती वाळू-सिमेंट आणून टाकली आणि गवंडीच नाही तर भिंत कशी उभी राहणार, असं मी म्हटलं, तर म्हणाली तुम्ही घर बांधलंत कधी.

खरी गोम पुढे आहे. ती सकाळी थायरॉइडची गोळी नाचणीच्या सत्त्वाबरोबर घेते, दूध घालून. कॅल्शियमनं ती गोळी नीट शोषली जात नाही, मध्ये चार तास हवेत. वर अश्वगंधा, त्यानंही थायरॉइड वरखाली होऊ शकतं. रक्तातलं टीएसएच, ते थायरॉइडचं माप, कधी इकडे कधी तिकडे, आणि दोष डॉक्टरला.

आणि तुझी ती हाडजोडीची वेल! तू दिलेलं कांडं ग्रिलवर असं माजलंय की शेजारीण मागून नेते. तू सांगितलंस म्हणून कच्चं चावून बघितलं, घसा दोन तास खाजत होता, चिंच घालून चटणी करतात हे आधी सांगायला काय झालं होतं? 1960 च्या दशकात बनारसला डॉ. उडुपांनी या वेलीचे प्राण्यांवर प्रयोग केले, मोडलेलं हाड लवकर सांधतं असं दिसलं, तेही मान्य. पण मंदाचं हाड मोडायच्या आधीच झिजत होतं, त्याला तुझी वेल काय करणार? आणि मनगटाचं उदाहरण देऊ नकोस. हाडवैद्यानं बांधलेलं तुझं मनगट अजून वाकडं आहे, त्या मॅचमध्ये तू आउटच होतास, हेही जाता जाता.

ती भित्री नाही, तुला माहितीये. कुणीतरी फॉरवर्ड पाठवलं की अलेन्ड्रोनेटनं जबडा सडतो. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, असं होतं, पण फार क्वचित, जास्त करून कॅन्सरच्या पेशंटना मोठे डोस देतात तेव्हा, तरी दातांची कामं आधी उरकून घ्यावीत. आणि हिची दाढ हलतेय! डेंटिस्टनं काढायला सांगितलीये, ते हिनं हाडांच्या डॉक्टरला सांगितलंच नाही. म्हणजे भीती अगदीच फालतू नव्हती रे. विचारलं असतं तर मार्ग होता, वर्षाला एक इंजेक्शन असतं, दात झाल्यावर सुरू करता आलं असतं.

पट्ट्या बघितल्याचं मी बोललेलो नाही. बोललो तर डबा दुसरीकडे जाईल, बाकी काही होणार नाही. तू बोल. माझं नाव न घेता काकूंचं सांग, त्यांचा खुबा मोडल्याचं, नंतरच्या त्या महिन्यांचं. तुझ्या तोंडून ती ऐकेल. आधी दाढ काढून घे, एवढंच जरी पटवलंस तरी पुरे.

चिन्मयचं ठरलं म्हणे, अभिनंदन, तारीख पावसाळ्यात ठेवू नका. मोजणीवाला आला का? वहिनींचा गुडघा?

दुपारी चारनंतर फोन कर, ती उठलेली असते आणि मी भाजीला बाहेर.

तुझा,
सुऱ्या