श्रीखंडाच्या झाकणाबद्दल आण्णांना

आण्णा, साष्टांग नमस्कार.

तुम्हाला तोंडावर धन्यवाद म्हटलं की "आता हे काय नवीन?" म्हणत तुम्ही रायफलची पेटी उचलता आणि चालायला लागता. मागच्या रविवारी तेच झालं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय, आता पळायला जागा नाही. तुमच्या फोनवर फक्त बोलता येतं हे मला ठाऊक आहे. नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. मध्येच उठून जाऊ नका, एवढंच.

मी रेंजवर आले ती फीच्या मोहानं. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ जिंकलं आणि आमच्या घरात नेमबाजीचं खूळ शिरलं. आठ दिवसांत पोराला रेंजवर घातलं. रायफलींना रांग होती, म्हणून त्याच्या हातात एअर पिस्तूल आलं. दिवाळीपर्यंत गडी नेमानं गेला. मग क्लासच्या वेळा बदलल्या, मग पाय दुखायला लागले, मग बंद. फी मात्र मार्चपर्यंतची भरलेली. शिलाईच्या धंद्यात आम्ही चिंधीसुद्धा वाया घालवत नाही, तिथं एवढी फी कशी सोडायची? दुपारी दुकान बंद असतं त्या दोन तासांत मीच जायला लागले.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हसत विचारलं, "वहिनी, या वयात?" मी तोंड उघडायच्या आत मागून तुमचा आवाज आला. "तेजस्विनी सावंत टोकियोला उतरली तेव्हा चाळीस वर्षांची होती. तिला विचारलास का रे?" तुमची माझी तेव्हा ओळखही नव्हती. कोल्हापूरच्याच या बाई २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या रायफल प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, हेही मला त्या दिवशी घरी जाऊन समजलं. माझ्या वयाची बाई, माझ्या गावची बाई, आणि मला पत्ता नाही. लाज वाटली, खरं सांगते.

पण बोलून नेम लागत नाही. तीन महिने माझं काही जमत नव्हतं. साठ शॉटचे सहाशे गुण, आणि मी चारशे तीसच्या आसपास घुटमळत होते. पिस्तुलाच्या कार्डावर दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, म्हणजे बरोबर शर्टाच्या बटणाएवढा. जन्मभर बटणं लावली, पण दहा मीटरवरून कधी लावली नव्हती. (तुमच्या रायफलवाल्यांचा दहा तर अर्ध्या मिलिमीटरचा, सुईचं टोक. त्याबद्दल तुम्ही जरा जास्तच ऐट करता, पण ते असो.) माझा ग्रुप, म्हणजे एका जागी पडलेला शॉटचा पुंजका, म्हणून काही नव्हताच. एक पेलेट (शिशाची बारीक गोळी) घड्याळातल्या आठावर, दुसरी एकावर, तिसरी पार कार्डावरच्या काळ्या गोलाच्या बाहेर.

आपल्या रेंजवर सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. खासबागेत कुस्ती बघायला बसलेला प्रत्येक जण जसा वस्ताद असतो, तसंच इथं. एक म्हणाला ग्रिप तासून घ्या. दुसरा म्हणाला बूट बदला. तिसरा म्हणाला ४.५० मिलिमीटरच्या पेलेट कशाला, ४.४९ च्या घ्या. एकानं तर नवं पिस्तूलच घ्यायला सांगितलं, जसं काही मी भाजी आणायला निघाले होते. पण या मंडळींना हसताना एक गोष्ट विसरता येत नाही: त्यातल्या दोघांनी स्वतःच्या डब्यातल्या पन्नास-पन्नास पेलेट कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या, "मारून तर बघा" म्हणून. पेलेटचा डबा काय भावानं मिळतो हे मला आता कळतं.

तुम्ही मात्र पंधरा दिवस एक शब्द बोलला नाही. भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून कुणाच्या तरी बंदुकीच्या हवेच्या सिलिंडरची रबरी ओ-रिंग बदलत होता आणि मधूनमधून बघत होता. माझ्या कार्डाकडं नाही, माझ्या तोंडाकडं. मला राग यायचा. आणि एका दुपारी म्हणाला, "वहिनी, पिस्तूल ठेवा. दोन्ही हात लांब करा. पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये बारीक भोक राहू द्या. त्यातनं समोरचं घड्याळ बघा, दोन्ही डोळे उघडे ठेवून." बघितलं. "आता उजवा मिटा." घड्याळ होतं तिथंच. "आता डावा मिटा." घड्याळ गायब.

"हात उजवा, डोळा डावा," तुम्ही म्हणालात, आणि परत ओ-रिंग घेऊन बसलात.

तीन महिने सगळे म्हणत होते वहिनींचा हात हलतोय. हलत होताच. पण खरं दुखणं हे होतं की माझा कारभारी डोळा डावा, आणि उजव्यानं नेम धरायला मी त्याला घट्ट मिटून ठेवत होते. एक डोळा दाबून धरला की चेहऱ्याचे सगळे स्नायू ओढले जातात आणि उघडा डोळाही आखडतो. विसाव्या शॉटला उजव्यातून पाणी यायचं. जरा डावा उघडला की दोन-दोन साइट (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणा) दिसायच्या. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, मला वाटलं सगळ्यांना असंच होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण घेऊन आलात. कात्री माझी, माप तुमचं: पट्टी तीन सेंटिमीटर रुंद, त्याहून जास्त नाही, कारण नियमात तेवढीच बसते. टोपीला क्लिपनं लावली, डाव्या डोळ्यासमोर. मी म्हटलं काळं कापड लावू का, माझ्याकडं ढीगभर आहे. "काळं नको. अंधार केला की बाहुली मोठी होते, आणि एकीची झाली की दुसरीचीही होते. दोन्हीकडं उजेड सारखा जाऊ दे, डाव्याला फक्त दिसू नको दे." मग मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पहिल्यांदा पिस्तूल उचललं. त्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. फक्त साठ शॉट झाले आणि डोकं दुखलं नाही.

(तुम्हाला शुगर असताना तो डबा कुणी संपवला, हे मी विचारलं नव्हतं. काकूंनी हे वाचलं तर मला माफ करा.)

डोळ्यांचं एवढ्यावर भागलं नाही. मला चाळिशी लागलेली. दुकानात सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, तोच लावून रेंजवर उभी राहायचे. फ्रंट साइट, नळीच्या टोकावरची खूण, म्हणजे भिजलेला कापूस. चष्मा काढला तरी कापूसच, जरा वेगळा. तुम्ही विचारलंत, "सुई किती लांब धरता?" म्हटलं, दीड वीत. "आणि साइट किती लांब आहे?" माझ्या गळ्यातला टेप माझ्याच डोळ्यापासून माझ्याच पिस्तुलाच्या टोकापर्यंत तुम्ही ताणून धरलात. पंच्याऐंशी सेंटिमीटर. "हा आकडा कागदावर लिहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. वाचायचा नंबर नको म्हणावं, या अंतराचा द्या." डॉक्टर आधी हसले, मग त्यांनाच गंमत वाटली. वाचायच्या नंबरापेक्षा बराच सौम्य नंबर निघाला. फ्रंट साइटच्या कडा अशा दिसल्या, जसं नवं ब्लेड. मागचं काळं मात्र धुरकट झालं, म्हणून मी तक्रार घेऊन परत तुमच्याकडं.

त्यावर तुम्ही जे सांगितलं ते मी दुकानातल्या आरशाच्या कडेला लिहून लावलंय. हात एक मिलिमीटर हलला तर पेलेटही मिलिमीटरभरच सरकते. पण पिस्तुलाच्या मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट एक मिलिमीटर कलली, तर दहा मीटरवर त्याचे तीन सेंटिमीटर होतात. म्हणून हाताला हलू द्यायचं, खाचेतला उजेड दोन्ही बाजूंना सारखा ठेवायचा, आणि काळ्याकडं बघायचंच नाही. "ज्याच्यावर मारायचं तेच बघायचं नाही?" मी विचारलं. तर म्हणता, "मशीनवर शिवताना तुम्ही सुईकडं बघता, का कापडाच्या कडेकडं?"

आण्णा, हे मला चोवीस वर्षांच्या धंद्यात कुणी विचारलं नव्हतं. अर्थात कडेकडंच! सुईकडं बघणारीची शिवण वाकडीच जाते. तुम्हाला कसं ठाऊक म्हटलं, तर एसटीच्या वर्कशॉपमध्ये सीटची कव्हरं शिवणाऱ्यांशेजारी बसून तीस वर्षं चहा प्यालोय म्हणालात.

मग फेब्रुवारीतली मॅच. निघायच्या आधी तुम्ही पिशवीतून किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन काढलंत. ट्रिगरनं पाचशे ग्रॅम तोलले पाहिजेत, नाहीतर मॅचला उभंच करत नाहीत. नळी वर, ट्रिगरला दोरीनं वजन लटकवलं, आणि खट्. सुटला. वापरून वापरून क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका झाला होता. तुम्ही ॲलन की बारीकशी फिरवलीत, तीनदा तोलून बघितलंत आणि काही न बोलता वजन परत पिशवीत टाकलंत. दोन तासांनी तपासणीच्या टेबलावर नेमकं हेच दुसऱ्या गावच्या एका माणसाचं झालं. तो घाबराघुबरा होऊन इकडंतिकडं बघतोय, आणि तुम्ही आपली ॲलन की त्याच्या हातात ठेवून मोकळे. तो शेवटी माझ्यापुढं चार गुणांनी गेला. हे मी विसरलेले नाही.

तेविसाव्या शॉटला मला पाच लागला. पाच! कान तापले. मागून कुणी बोलायचं नसतं, आणि तुम्ही तर खिडकीबाहेर बघत होता. पण तुमची राही सरनोबतची गोष्ट आठवली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या फायनलला बरोबरी, मग शूट-ऑफ (बरोबरी फोडायची जादा फेरी), त्यातही बरोबरी, मग परत शूट-ऑफ, आणि मग गोल्ड. नेमबाजीतलं आशियाई सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय बाई, आणि तीही आपल्या गावची. ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगता की पोरं कंटाळतात. मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, पाणी प्याले, स्वतःच्या चपलांचे व्रण पडलेल्या पायांकडं बघत बसले. पंचाहत्तर मिनिटं असतात, घाई कुणाला आहे. शेवटी ५०६ झाले. पदक-बिदक काही नाही. पण चारशे तीसवाली बाई पाचशेच्या पुढं गेली म्हणून रेंजवरच्या पोरांनी गंगावेशीत दूध पाजलं. त्या गर्दीतही तुम्ही नळाजवळ साबणाची वडी घेऊन उभे, "पेलेट शिशाच्या असतात, आधी हात, मग ग्लास." मोठमोठे मिशीवाले गडी शाळेतल्या पोरांसारखे रांगेत हात धूत होते.

तुमचं सगळंच मी ऐकलं असं समजू नका. मॅचआधी चहा नको म्हणता, मी अर्धा कप घेतेच. मॅचआधी आठवडाभर शिवण बंद ठेवा म्हणता, आणि मॅच येते नेमकी लग्नसराईत. बस्त्याचे ब्लाउज कोण शिवणार, तुमची रायफल? आणि पिस्तूल हा रायफलचा धाकटा भाऊ आहे, हे तुमचं मत मला अजिबात मान्य नाही.

आता कामाचं. तुमचं नेमबाजीचं जॅकेट तयार आहे. "पोट जरा सुटलंय, बटणं सरकवून ठेवा" असं मान खाली घालून म्हणाला होता, तेव्हाच मला कळलं होतं. अख्ख्या रेंजला नियम शिकवता आणि स्वतः त्या घट्ट जॅकेटात उभे राहता? बटणं लावल्यावरही कापड आणखी सात सेंटिमीटर ओढून घेता यायला हवं, हे तुम्हीच मला सांगितलंय. मी टेपनं मोजून बटणं कडेला घेतलीत, सातपदरी दोऱ्यानं, परत सुटणार नाहीत. पण याउपर सरकवायला कडेला जागा उरलेली नाही, हे काकूंनाही सांगा.

शिलाईचे पैसे विचारायचे नाहीत. सोमवार सोडून कधीही या, दुपारी नको, दुपारी मी रेंजवर असते. तुमचं अर्ध्या किलोचं वजनही मशीनच्या खणात आहे, तेही घेऊन जा. किराणावाला दोनदा विचारून गेला.

तुमची,
राजारामपुरीतली शिलाईवाली वहिनी