श्वेतपत्रिकेतली तिरपी रेघ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘ऑपरेशन ब्लू स्टार’विषयी, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरात दडलेल्या अतिरेक्यांविरुद्ध जून 1984 मध्ये झालेल्या लष्करी कारवाईविषयी, एक टिपण आले होते. ‘या कारवाईत 83 जवान हुतात्मा झाले आणि 493 अतिरेकी ठार झाले,’ असे वाक्य त्यात आहे. दोन्ही आकडे सरकारी आहेत. मात्र दुसऱ्या आकड्याला आपण जो शब्द लावला आहे, तो सरकारचा नाही. केंद्र सरकारने जुलै 1984 मध्ये पंजाबविषयी जी श्वेतपत्रिका काढली, तिच्यात सुवर्णमंदिराच्या आवारात मेलेल्यांचा 493 हा आकडा ‘नागरिक/दहशतवादी’ अशा जोडशीर्षकाखाली दिलेला आहे. म्हणजे यांतले किती हाती बंदूक घेतलेले होते आणि किती माथा टेकायला आलेले होते, हे खुद्द सरकारने सांगितले नव्हते. आपल्या टिपणाने ती तिरपी रेघ पुसली आणि तिच्या एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूला नेऊन टाकली, म्हणून हे पत्र.

माथा टेकायला आलेले लोक त्या आवारात होते, याविषयी वाद नाही. 3 जूनला गुरू अर्जनदेवांचा शहीदी पर्व होता. हरमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, ज्यांनी उभारले आणि आदिग्रंथ ज्यांनी संकलित केला, त्या पाचव्या गुरूंच्या बलिदानाचा हा दिवस. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून बायकामुलांसह माणसे अमृतसरला येतात आणि सराईत मुक्काम करतात. त्याच दिवशी पंजाबभर संचारबंदी लागू झाली. रेल्वे, बस, टेलिफोन बंद झाले आणि बातमीदारांना राज्याबाहेर काढण्यात आले. आत अडकलेल्यांना बाहेर पडण्यासाठी ध्वनिक्षेपकावरून आवाहने केली होती, असे लष्कराचे म्हणणे आहे. ती आपल्याला ऐकूच आली नाहीत, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले आहे. आवाहने झाली असे मानले, तरी बाहेर संचारबंदी आणि चहूकडून गोळीबार असताना पोरेबाळे घेऊन कोणी कुठल्या दाराने निघायचे होते?

आवारात ठाण मांडून बसलेल्या सशस्त्र गटाचे नेते भिंद्रनवाले यांची बाजू मला घ्यायची नाही. एप्रिल 1983 मध्ये पोलीस उपमहानिरीक्षक अवतारसिंग अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडत असताना मंदिराच्या दाराशीच मारले गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ढिलवाँजवळ बसमधून हिंदू प्रवाशांना वेगळे काढून गोळ्या घातल्या गेल्या, आणि ज्यांनी हे केले त्यांना पवित्र जागेचा आडोसा मिळत राहिला. भिंद्रनवाल्यांच्या बाजूचे शाबेगसिंग हे माजी मेजर जनरल 1971 च्या युद्धात मुक्तिवाहिनीला, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिकांना, शिकवणारे. त्यांनी आवारातल्या अकाल तख्ताची, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाची, गढी केली होती. 5 जूनच्या रात्री परिक्रमेत, म्हणजे सरोवराभोवतीच्या फरसबंद वाटेवर, उतरलेल्या जवानांवर कमरेखालच्या उंचीच्या झरोक्यांतून मारा झाला आणि त्यांचे पाय निकामी झाले. कारवाईची सूत्रे ज्यांच्याकडे होती त्यांतले कुलदीपसिंग ब्रार आणि रणजितसिंग दयाल हे स्वतः शीख होते, हेही विसरून चालणार नाही. पण इतकी शस्त्रे आत जाईपर्यंत राज्य काय करत होते, हा प्रश्न यातून सुटत नाही. आणि शेवटी रणगाड्यांच्या तोफांनी अकाल तख्ताची जी दशा झाली, तिचा हिशेब फक्त आत बसलेल्यांच्या नावावर टाकता येत नाही.

त्या तिरप्या रेघेचे परिणाम पुढे कसे झाले ते पाहावे. आवारातून धरलेल्यांपैकी साडेतीनशेहून अधिक जणांना जोधपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्यासारखे आरोप त्यांच्यावर होते. त्यांतल्या कित्येकांचे म्हणणे एवढेच होते की, आम्ही दर्शनाला आलो होतो. त्यांची सुटका 1989 ते 1991 या काळात टप्प्याटप्प्याने झाली. भरपाईसाठी झगडलेल्या चाळीस जणांच्या बाजूने अमृतसरच्या न्यायालयाने निकाल दिला, तो 2017 साली. कागदावरची एक रेघ स्पष्ट करायला तेहतीस वर्षे लागली, तीही फक्त चाळीस माणसांपुरती.

दुसरा हिशेब ग्रंथांचा आहे आणि त्याविषयी मराठीत जवळजवळ कोणी लिहीत नाही. परिक्रमेलगतच्या शीख संदर्भ ग्रंथालयात हस्तलिखिते आणि गुरूंचे हुकूमनामे (आज्ञापत्रे) होते. ते चकमकीत जळाले, असे सरकारचे म्हणणे. आधी पोत्यांत भरून नेले आणि मग ग्रंथालयाला आग लागली, असे गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे म्हणणे. 2000 साली संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी लष्कराने नेलेले साहित्य सीबीआयकडे सोपवल्याचे कळवले, म्हणजे सगळेच जळाले नव्हते, हे उघड झाले. नंतर काही साहित्य परत आल्याच्या नोंदींवरून खुद्द समितीच्याच कारभारावर प्रश्न उठले. काय नेले, काय परत दिले, काय जळाले, याची एक यादी दोन्ही बाजूंनी सह्या करून प्रसिद्ध करायला कोणाची हरकत असावी?

काही वर्षांपूर्वी मी अमृतसरला गेलो होतो. आवारातल्या तेजासिंग समुंद्री हॉलच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा तशाच राखल्या आहेत. एका भोकात माझ्या अंगठ्याचे पेर सहज गेले असते. मी हात मागे घेतला. शेजारी एक म्हातारे सरदारजी आपल्या नातवाला बोटाने एकेक खूण दाखवत होते आणि तो पोरगा मोजत होता. त्यांना मी काही विचारले नाही. मराठी माणसाला या विषयात पुण्यातला 10 ऑगस्ट 1986 चा दिवस आधी आठवतो. ब्लू स्टारच्या वेळी लष्करप्रमुख असलेले जनरल अरुणकुमार वैद्य यांना त्या दिवशी भर रस्त्यात मारले गेले, ते आठवणे रास्तच आहे. पण त्या आठवणीशेजारी ही मोजणी ठेवायला आपल्याकडे जागाच नसते.

दुसरी वाट नव्हतीच, असे आपल्या टिपणात म्हटले आहे. मे 1988 मध्ये त्याच आवारात अतिरेकी पुन्हा शिरले, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा दलाने वेढा घातला, पाणी-वीज तोडली, भाविकांना बाहेर येऊ दिले आणि बातमीदारांसमोर अतिरेक्यांना हात वर करून बाहेर यायला लावले. चार वर्षांपूर्वीची शस्त्रसज्जता आणि ही शस्त्रसज्जता सारखी नव्हती, हे मान्य. तरी दिवस निवडणे आणि वाट पाहणे या दोन गोष्टी 1984 मध्येही सरकारच्याच हातात होत्या.

तेव्हा माझी विनंती मर्यादित आहे. 493 या आकड्यासमोरचा शब्द दुरुस्त करून तशी खुलाशाची चौकट आपण छापावी, आणि पुढच्या वर्षी हा आकडा देताना तो श्वेतपत्रिकेत ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत, रेघेसकट द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक