व्हिस्कीत समुद्राचं मीठ येतं कुठनं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सिंगल माल्टवरचा (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) लेख वाचला, फोटो झकास होते पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय. मी मूळचा मालवणचा, सध्या नोकरीसाठी स्कॉटलंडमधे अ‍ॅबर्डीनला असतो.

चांगली सिंगल माल्ट म्हणजे खिसा रिकामा, हा लेखाचा सूर काय पटला नाही बुवा. इथं सरकारनं दारूला किमान दर लावलाय, 40 टक्के अल्कोहोलची 700 मिलीची बाटली 18 पौंड 20 पेन्सच्या खाली विकताच येत नाही, म्हणजे साधी ब्लेंड (वेगवेगळ्या व्हिस्कींचं मिश्रण) पण तिथनंच सुरू होते, आणि ऑफर लागली की ओल्ड पुल्टनी ही सिंगल माल्ट, 12 वर्षांची, घ्यायला त्याच्यावर फार काही घालावे लागत नाहीत. भारतात महाग पडते ती आयात ड्युटीमुळे. 24 जुलै 2025 ला यूकेशी करार झाला त्यात स्कॉचवरची 150 टक्के ड्युटी आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलंय, पण त्याच्यावर राज्याचा कर आहेच, तेव्हा लगेच नाचू नका.

तर ही ओल्ड पुल्टनी विक गावची, स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, डिस्टिलरी 1826 सालची. सगळं गाव हेरिंग माशावर मोठं झालेलं, आणि गंमत म्हणजे 1922 ते 1947 या गावात लोकांनीच मतदान करून दारूबंदी आणलेली! (डिस्टिलरी पण 1930 ला बंद पडली ती 1951 ला परत चालू झाली.) मालवणात सांगितलं तर लोक मलाच विचारतील किती घेतलीस.

आता मुख्य मुद्दा. लेखात लिहिलंय की खारी हवा लाकडी पिंपातनं आत मुरते म्हणून व्हिस्की खारट लागते. ऐकायला भारी आहे पण पटत नाही. मीठ वाफेबरोबर वर जात नाही, त्यामुळे भट्टीतनं तर येऊच शकत नाही. राहिली पिंपं, तर आयला बेटावरच्या कॉल ईला डिस्टिलरीचं उदाहरण घ्या, तो माल टँकरनं मेनलँडवर नेऊन तिकडच्या गोदामांत मुरवतात, तरी प्यायल्यावर समुद्र आठवतोच. तिथं ते काम पीटच्या (बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या) धुराचं असतं. पुल्टनीत तर तो धूर पण नाही. माझ्या मते तिथं भट्टीचा हात आहे, दारू दोनदा उकळतात त्यातल्या पहिल्या भट्टीला नेहमीसारखी वर वाकलेली मान नाही, डोकं सपाट, आणि वाफ थंड करायला जुन्या पद्धतीची, पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी, त्यानं दारू जरा जड, तेलकट उतरते. बाकीचं लेबल करतं. बाटलीवर समुद्र दिसला की जिभेला मीठ लागणारच.

म्हणून मेव्हण्याला बाटली न दाखवता दिली, बर्फ नाही, फक्त चमचाभर पाणी. तो आधी मध म्हणाला, मग हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि गिळल्यावर थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, अरे धक्क्यावर उभं राहून ओठ चाटल्यासारखं लागतंय शेवटी. म्हणजे सगळं लेबलचं पण नाही, एवढं मान्य. पण ते मीठ नव्हे, तो शेवटचा कोरडेपणा आहे जो जिभेला खारा वाटतो, असं मला वाटतं, कुणा केमिस्ट्रीवाल्यानं खोडून काढलं तर आनंदच आहे.

आणि लेखात सोबत डार्क चॉकलेट सुचवलंय ते राहू द्या, तळलेला बांगडा घ्या, फक्त मसाला कमी लावा नाहीतर व्हिस्कीचा पत्ताच लागत नाही. पुढच्या लेखात जमलं तर बाटल्यांच्या किमती पण छापा, महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या शेजारी शेजारी.

आपला,
एक मालवणी वाचक, अ‍ॅबर्डीन