'जातो' की 'जाते'?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिग्दर्शकाने पटकथा स्वतःच लिहावी, म्हणजे चित्रपटाला 'एकसंध दृष्टी' लाभते, असे कालच्या पुरवणीतील लेखात वाचले. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे, त्याबद्दल वाद नाही. मी या एकसंध दृष्टीखाली पंधरा दिवस काढले आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

काही वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या पायथ्याला एका मराठी चित्रपटाचे चित्रीकरण होते. कथा, पटकथा, संवाद, दिग्दर्शन सगळे एकाच तरुण गृहस्थांचे. गावाकडची बोली तेवढी बघून द्या, म्हणून मला बोलावले. पहिल्याच पानावर थोरली सून म्हणते, "मी शेतात जाते, तुम्ही जेवून घ्या." मी लाल पेनने केले, "मी रानात जातो, तुमी जेवून घ्या." आमच्याकडे बायका 'जातो', 'येतो' असेच बोलतात. माझी आई जन्मभर तसेच बोलली. दिग्दर्शक हसले, "सर, ती बाई आहे!" मी समजावले, त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या प्रसंगात शेतकरी भर दुपारी उसाला पाणी पाजत होता. म्हटले, साहेब, शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची येते, बॅटरी घेऊन जावे लागते. तर म्हणे, "रात्रीचं शूट बजेटमध्ये बसत नाही."

चित्रपट लागला तेव्हा सहकुटुंब गेलो. पडद्यावर सून म्हणाली, "मी शेतात जाते." मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला, "ही कुठली गं? पुण्याची पाव्हणी काय?" सगळे थिएटर हसले. दृश्य रडायचे होते. माझे नाव 'विशेष आभार'मध्ये, ग्रामपंचायत आणि जेसीबीवाल्याच्या मधोमध, तेही आडनाव चुकवून. मानधन म्हणाल तर शाल आणि नारळ.

लेखात पु. लं.चा दाखला आहे. 1953 च्या 'गुळाचा गणपती'त सबकुछ पु. ल. होते, मान्य. पण त्यासाठी आधी पु. ल. असावे लागते हो! शांतारामबापू तर आमच्या कोल्हापूरचे. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये (1957) दिग्दर्शक तेच, नायकही तेच. लिहायला मात्र गदिमा. हिंदी चित्रपट आणि लेखक माणदेशी! कारण ज्या खुल्या तुरुंगावरून ती गोष्ट सुचली, तो आटपाडीजवळचा स्वतंत्रपूरचा तुरुंग गदिमांच्याच मुलखातला. बापूंना लिहिता आले नसते असे थोडेच आहे? कुणाला विचारावे हे त्यांना कळत होते. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' स्वतः लिहिला, तर तो त्यांनी पाहिलेल्या-सोसलेल्या जगातला आहे. तिथे दुसरा कोण लिहिणार? एक आठवडा गावात राहून संवाद पाडणाऱ्यांनी त्यांचे नाव पुढे करू नये.

ता. क. मागे एसटी स्टँडच्या मुतारीबद्दल मी दीड पान लिहिले होते, आपण चार ओळी छापल्या आणि त्यात 'मुतारी'चे 'स्वच्छतागृह' केलेत. ते 'स्वच्छ' असते तर मी पत्र कशाला लिहिले असते? या पत्रातले 'जातो' तरी कृपा करून प्रूफवाल्यांनी सुधारू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. करवीर, जि. कोल्हापूर